86 वर्षांच्या आजोबांचं मणक्याचं ऑपरेशन: स्क्रू टाकावेत की नुसती नस मोकळी करावी? (इंदूर)

प्रश्न (रामबागकर): आजोबा 86 वर्षांचे, मुक्काम रामबाग. एमआरआयमध्ये एल4-एल5 ला (कमरेचा चौथा-पाचवा मणका) कॅनॉल, म्हणजे नसांचा मार्ग, खूप अरुंद, ग्रेड 1 लिस्थेसिस (मणका थोडा पुढे सरकलेला). शंभरेक पावलं चालले की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, बसले की उतरतं. पाठ फारशी दुखत नाही. मधुमेह आहे, हृदयात जुना स्टेंट, क्लोपिडोग्रेल (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू. व्यायाम आणि एपिड्युरल इंजेक्शन (मणक्यात, नसांजवळ देतात ते) करून झालं. एक सर्जन स्क्रू-रॉड घालून फ्यूजन (मणके एकमेकांना जोडणं) सांगतात, दुसरे फक्त डीकम्प्रेशन (दबलेली नस मोकळी करणं). डॉक्टरांना नेमकं काय विचारावं?

मणकामित्र: दादा, पाठीपेक्षा पाय जास्त दुखतात, म्हणजे डीकम्प्रेशनचा उपयोग होण्यासारखी केस आहे. पण मधुमेह आणि स्टेंट आहे, तेव्हा आधी पायांच्या धमन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून घ्या. रक्त कमी पोचत असेल तरी पोटऱ्या अशाच भरतात. नुसतं उभं राहून थांबतं की बसावं-वाकावंच लागतं, हे बघा. वाकावंच लागत असेल तर संशय मणक्यावर.

मग उभं राहून, पुढे-मागे वाकवून एक्स-रे. मणका हलत नसेल तर स्क्रू कशासाठी, हे सर्जनना स्पष्ट विचारा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या, या दोन ऑपरेशनांची तुलना करणाऱ्या चाचणीत दोन वर्षांनंतर फ्यूजनवाल्यांना जास्त फायदा दिसला नाही. ऑपरेशन मात्र लांबलं, रक्तही जास्त गेलं. त्यातले रुग्ण 50 ते 80 वयाचे होते, आजोबा त्याहून मोठे. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) कराच. त्यातला टी-स्कोअर उणे 2.5 किंवा खाली असेल, म्हणजे हाडं ठिसूळ असतील, तर स्क्रू सैल होण्याचा, शेजारचा मणका दबण्याचा धोका वाढतो. कमरेचा आकडा झिजेच्या हाडामुळे फसवा चांगला येतो, म्हणून खुब्याचा बघा.

भूलवाले काका: क्लोपिडोग्रेल साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एक गोळीही चुकवू नका; स्टेंट बंद पडला तर जिवावर बेततं. 4 मीटर चालायला 5 सेकंदांहून जास्त लागतात का, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) 3.5 च्या खाली आहे का, हे तपासा. वयाच्या आकड्यापेक्षा याला मी जास्त महत्त्व देतो. अल्ब्युमिन कमी असेल तर जखम नीट न भरण्याचा धोका असतो; घाई नसेल तर काही आठवडे प्रथिनं वाढवून मगच टेबलावर घ्यावं.

या वयात भ्रम फार होतो, बहुतेक पहिल्या दोन-तीन रात्रींत. पेशंट सलाईन उपटतात, घरी जायचंय म्हणतात. चष्मा आणि कानाचं यंत्र शुद्धीवर येताच लावा, रात्री ओळखीचं माणूस जवळ हवं, झोपेची नवी गोळी नको. लघवीची नळी लवकर काढायला सांगा. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी तुंबू शकते, ते आधीच कळवा. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं नाही तर छातीत कफ साठण्याचा, पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

मणकामित्र: एक राहिलं. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर ही सगळी चर्चा सोडून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. एरवी चालणं बरंच सुधारतं, जुना बधिरपणा मात्र राहू शकतो. हे आजोबांना आधीच सांगा. 70 च्या पुढचं आयुष्मान कार्ड असेल तर हे पॅकेज त्यात बसतं का, ते भरतीआधी विचारून घ्या.