पासवर्ड एसएचए-२५६ ने साठवलेत, सॉल्ट घातलं की भागेल का?

प्रश्न: पतसंस्थेच्या सभासदांचं पोर्टल आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर. ४००० खाती. पासवर्डचा नुसता एसएचए-२५६ हॅश (उलटा फिरवून मूळ पासवर्ड काढता येत नाही असा ठसा) हेक्समध्ये (०-९ आणि a-f या चिन्हांत), ६४ अक्षरांच्या रकान्यात. कॉन्फिग फाइलीत एक गुप्त शब्द ठेवून तो सगळ्यांच्या पासवर्डला जोडला तर पुरे का? निम्मे सभासद साठीपुढचे, सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावणं जमणार नाही.

उत्तर १: नाही पुरणार. शब्द एकच असला तर ज्यांचा पासवर्ड सारखा त्यांचा हॅशही सारखाच. सॉल्ट, म्हणजे हॅशआधी पासवर्डला जोडायची भर, दर खात्याला वेगळं लागतं, १६ रँडम बाइट, आणि ते लपवायचंही कारण नाही. पण खरं दुखणं सॉल्टचं नाहीच, वेगाचं आहे. एसएचए-२५६ झटपट चालावा म्हणूनच बनवलाय. एक बरं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासून मोकळं होतं. आर्गॉन२आयडी घ्या, तो पासवर्डसाठीच मुद्दाम संथ आणि मेमरीखाऊ बनवलेला हॅश आहे: मेमरी १९ एमबी (पीएचपीत १९४५६ लिहायचं), २ फेऱ्या, १ थ्रेड. सॉल्ट तो स्वतःच तयार करतो आणि हॅशच्या ओळीतच ठेवतो.

उत्तर २: पासवर्ड बदलायला लावू नका. आत्ताचा हेक्स हॅशच पासवर्ड समजून आर्गॉनला द्या, एका रात्रीत सगळ्या ओळी होतात. शेजारी 'जुनं' अशी खूण ठेवा. अशा खात्याचं लॉगिन आलं की आधी एसएचए, मग पडताळणी. जुळलं की मूळ पासवर्ड हातात असतोच, त्याचा थेट आर्गॉन हॅश करून खूण काढा.
त्याआधी रकाना २५५ चा करा! आर्गॉनची ओळ शंभरीच्या आसपास जाते. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारायची सेटिंग) बंद असेल तर मायएसक्यूएल ती मुकाट्याने ६४ वर कापतं आणि सकाळी एकालाही आत जाता येत नाही. बदल पक्का झाला की जुने बॅकअपही पुसा, नाहीतर एसएचएचे हॅश तिथे तसेच पडून.

उत्तर ३: होस्टिंगवर आर्गॉन नसेल तर बीक्रिप्ट हा दुसरा संथ हॅश, कॉस्ट (संथपणाचा आकडा) १२. मात्र तो ७२ बाइटांपुढचं बघतच नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, काना-मात्रा-हलन्त धरून. एकट्या 'ज्ञानेश्वर'ला ३० लागतात.
आणखी एक मराठमोळी गोम: 'ऱ' एकसंध टंकता येतो, किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा. दिसायला एकच, बाइट वेगळे, लॉगिन फसतं. हॅशआधी एनएफसी (अशी वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची रीत) करून घ्या. 'दऱ्या'तला ऱ कुणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा टंकला असेल तर मात्र एनएफसीनेही तो जुळत नाही. तो बदल हाताने लिहावा लागेल.

प्रश्नकर्ता: रकाना ६४ चाच आहे, आधी तो वाढवतो. मग तो गुप्त शब्द काढूनच टाकू?

उत्तर १: ठेवायचा तर एचमॅकची (गुप्त किल्ली घालून हॅश काढायची पद्धत) किल्ली म्हणून, डेटाबेसच्या बाहेर. पण ती हरवली तर ४००० च्या ४००० खाती बंद, म्हणून तिची प्रत आधी वेगळ्या जागी ठेवा.