गोल करून ओढणं आणि संसर्ग : तुमचे अनुभव लिहा

टीबी निघाला की घरी कोण असतं, कामावर शेजारी कोण बसतं हे विचारतात. दारं-खिडक्या लावून ज्यांच्यासोबत गांजा ओढला, त्यांचा विषय निघतच नाही. तो इथे काढू. ओढावं की सोडावं हा वाद नको, कुणाची नावंही नकोत.

रातकिडा : आमच्यात जॉइंटचं टोक शर्टाला पुसून पुढे द्यायचे. झाली स्वच्छता! खोली मात्र गच्च बंद, धूर वाया जायला नको ना. एकाला महिनोन्‌महिने खोकला होता. पण ओढणारा खोकणारच, म्हणून त्यानेही मनावर घेतलं नाही. थुंकीत जंतू सापडल्यावर आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. माझा एक्स-रे स्वच्छ, त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह. म्हणजे जंतू शरीरात शिरलेत, पण आजार नाही. प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. मी टोकालाच दोष देत होतो. डॉक्टर म्हणाल्या, "टीबी हवेतून येतो. टोक कितीही पुसा, खोलीतली हवा तीच."

जुना धुरकट : आम्ही 'शॉटगन' करायचो. एकाने झुरका घ्यायचा आणि धूर थेट दुसऱ्याच्या तोंडात सोडायचा. तपासणीत नर्सबाईंनी विचारलं, "एकत्र धूम्रपान करता?" मी हो म्हणालो. त्यांनी सिगारेट लिहून घेतलं, मीही गप्प बसलो.

एकटीचा पाइप : माझं क्रॅक, म्हणजे ओढायचं कोकेन. काचेचा पाइप तापून ओठ भाजतात, तडकलेला असेल तर चिरतातही. तोच पाइप पुढच्याच्या फुटलेल्या ओठांवर जातो. मला हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताचा विषाणूजन्य आजार निघाला. तो रक्तातून पसरतो. पाइपमुळेच झाला असं छातीठोक सांगत नाही, पण वापरलेल्या पाइपवर हा विषाणू संशोधकांना सापडलेला आहे. बारा आठवडे गोळ्या घेऊन बरी झाले. त्यावर लस नाही आणि तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून आता पाइप स्वतःचा, तोंडाशी रबरी नळीचा तुकडा. कंजूष म्हणतात. म्हणू देत.

दारोदार : टीबीच्या रुग्णांच्या संपर्कात कोण आलं ते शोधायचं काम केलंय. "जवळचं कोण?" विचारलं की आई, वडील, भाऊ. त्यांच्यात काहीच निघत नाही. मग मी "संध्याकाळी कुठे बसता?" असं विचारू लागलो. तरी हाती टोपणनावंच लागायची, कारण खरं नाव दिलं तर पोलीस येतील ही भीती. 2004 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये तरुणांच्या एका गटात टीबी पसरला, त्यात काचा लावलेल्या मोटारीत गांजा ओढण्याचा धागा सापडला. असे धागे कुटुंबाच्या यादीत नसतात. आमच्या फॉर्मात या प्रश्नाला रकानाच नव्हता, मी समासात लिहायचो.

जुना धुरकट : रातकिडा, तो खोकणारा बरा झाला का?

रातकिडा : झाला. दोन महिन्यांत बरं वाटलं तसा गोळ्या सोडायला निघाला होता. आईने हटून सहा महिने पुरे करून घेतले. आता आमच्यात येतो, पण गच्चीवर बसणार असू तरच.