घर ज्याने भाड्याने दिलं तो मालक नाही, स्वतःच भाडेकरू आहे (पुणे, कोथरूड). आता काय करावं?

डहाणूकर_वाचक

कोथरूडला सोसायटीत दोन बीएचके. भाडं २२,०००, डिपॉझिट १,००,०००. करार ११ महिन्यांचा, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला, नोंदणी नाही. सगळे पैसे यूपीआयने दिलेत. करार संपायला अजून सहा महिने आहेत.

रविवारी एक काका आले. फ्लॅट त्यांचा आहे म्हणाले. त्यांनी तो आमच्या 'मालकाला' १८,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिटवर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सने (ठराविक काळ घर वापरू देण्याचा करार) दिला होता. पोटभाडेकरू ठेवायचा नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. शिवाय दोन महिन्यांचं भाडं थकलंय. आम्हाला १५ दिवसांत घर रिकामं करायला सांगून गेले. मधला माणूस फोनवर म्हणतो, "मी बघतो त्यांच्याकडे, तुम्ही भाडं मलाच पाठवा."

येत्या ५ तारखेचं भाडं कुणाला द्यायचं? १५ दिवसांत आम्हाला बाहेर काढता येतं का? आणि डिपॉझिट कुणाकडून मागायचं? मुलीची परीक्षा तोंडावर आहे, लगेच घर बदलणं फार जड जाईल.

दस्त_हवेली

सगळ्यात आधी, दारात आलेले काका तरी मालक आहेत का हे तपासा. एकाने फसवलंय म्हणून दुसरा खरा असं होत नाही.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकावा लागतो. शोध एका वेळी एकाच वर्षाचा होतो, म्हणून सोसायटी साधारण कधीची आहे ते विचारून त्या वर्षापासून पुढे या. फ्लॅट नंबर टाकून बहुतेक काही सापडत नाही. सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाका. सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर किंवा कुणाच्याही खरेदीखतावर तो असतो. एकाने आलं नाही तर दुसऱ्याने बघा, आणि हिश्शाचा आकडा (सर्व्हे नंबरात तिरक्या रेघेनंतरचा) काढून नुसता सर्व्हे नंबरही टाकून बघा.

दस्त सापडला की इंडेक्स २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) उघडा. सर्वात वर 'विलेखाचा प्रकार' असतो. तिथे करारनामा किंवा सेल डीड असेल तर तो खरेदीचा दस्त, आणि 'दस्तऐवज करुन घेणाऱ्या पक्षकाराचे नाव' या रकान्यात जे नाव आहे ते खरेदीदाराचं. त्यानंतरच्या वर्षांतही शोधा, म्हणजे पुढे पुन्हा विक्री झाली नाही ना ते कळतं. विलेखाचा प्रकार '३६-अ-लिव्ह अँड लायसन्सेस' असेल तर तो भाड्याचा करार. काकांनी मधल्या माणसाला खरंच घर दिलं होतं का, ते तिथेच दिसेल.

शिवाय काकांकडे त्यांच्या कराराची प्रत मागा. ई-नोंदणी असेल तर दोघांचे फोटो, अंगठ्याचे ठसे आणि दस्त क्रमांक त्यावर असतो. सोसायटीच्या सचिवांना भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) कुणाच्या नावावर आहे तेही विचारून घ्या.

वीजबिल आणि मिळकतकराची पावती हा मालकीचा पुरावा धरू नका. कित्येक सोसायट्यांत दोन्ही अजून बिल्डरच्याच नावावर असतात. आणि हे सगळ्यांसाठीच: नोंदणीकृत भाडेकरार असला म्हणजे समोरचा मालक असतो असं नाही. भाडेकरार नोंदवताना ओळख तपासली जाते, घर कुणाचं आहे ते तपासलं जात नाही.

सातारारोड_वकील

वरचं आधी करा. काकाच मालक निघाले असं धरून पुढचं लिहितो.

तुमचा हक्क कितपत आहे ते स्पष्ट सांगतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५६ प्रमाणे लायसन्स घेणाऱ्याला ते पुढे दुसऱ्याला देता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २६ भाडेकरूलाही पोटभाडेकरू ठेवायला मनाई करतं, करारात तशी मुभा असेल तरच अपवाद. मधल्या माणसाकडे जो हक्क नव्हता तो तो तुम्हाला देऊ शकत नाही. मालकाविरुद्ध 'माझे सहा महिने बाकी आहेत' हा मुद्दा टिकणार नाही.

याचा अर्थ १५ दिवसांनी काका कुलूप तोडून सामान बाहेर काढू शकतात असा मुळीच नाही. ताबा न्यायालयातून किंवा कलम २४ खालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडूनच घ्यावा लागतो, आणि त्याला महिने लागतात. कुणी कुलूप बदलायला आलं तर ११२ ला फोन करा आणि लेखी तक्रार द्या. पाणी किंवा वीज तोडायला कलम २९ मनाई करतं. ते भाडेकरूसाठी लिहिलेलं आहे आणि तुमच्या दर्जावर समोरचा वकील वाद घालेल. तरी वीज बंद पडू नये म्हणून बिल तुम्हीच १२ आकडी ग्राहक क्रमांकावर थेट भरत जा.

काकांनाही कोर्टाची पायरी नको असते. म्हणून परीक्षेपर्यंतची मुदत मागायला तुमच्याकडे जागा आहे. तोंडी मागू नका. "अमुक तारखेपर्यंत राहू, तोवर दरमहा इतकी रक्कम थेट तुम्हाला देऊ" असं व्हॉट्सॲपवर लिहा आणि त्यांचं 'हो' तिथेच घ्या.

पोटभाडे_नको

माझं मत सरळ आहे. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. लाख रुपये त्याच्याकडे अडकलेत, तेवढ्या महिन्यांचं भाडं बंद करून टाका. साडेचार महिने निघतील. कोर्टकचेऱ्या करून यापेक्षा जास्त हाती लागत नाही.

सातारारोड_वकील

@पोटभाडे_नको, मधल्या माणसापुरतं पटतं. पण गुपचूप बंद करायचं नाही. आधी त्याला संदेश आणि रजिस्टर पोस्टाने पत्र: "तुम्ही मालक नसल्याचं अमुक तारखेला समजलं, डिपॉझिट परत करा, तोवर पुढचं भाडं थांबवत आहे." नाहीतर भाडं थकवणारे तुम्हीच ठरता आणि तो करारातली दंडाची अट काढून दाखवतो.

चूक पुढे आहे. भाडं बंद केल्याने साडेचार महिने फुकट राहायला मिळत नाहीत, कारण घर काकांचं आहे आणि ते तुम्ही वापरताय. ते वापराची भरपाई मागणारच. म्हणून ५ तारखेचे पैसे बाजूला ठेवा. लेखी ठरल्याशिवाय काकांनाही देऊ नका, आणि ठरल्यावर द्यायचे ते फक्त बँकेतून, 'फ्लॅट क्रमांक अमुक, अमुक महिन्याचा वापर' असा शेरा लिहून.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तिघांच्या सह्यांचा समजुतीचा करार. त्यात काय हवं:

मधल्या माणसाने आपलं लायसन्स अमुक तारखेपासून संपलं हे मान्य करायचं. त्याचे ५०,००० काकांकडे आहेत, त्यातून थकलेले ३६,००० वजा जाता उरलेले १४,००० थेट तुमच्या खात्यात जमा करायला त्याने संमती द्यायची. बाकी ८६,००० तो तुम्हाला कोणत्या तारखांना देणार ते लिहायचं, आणि त्या तारखांचे चेक आत्ताच घ्यायचे. मग त्याच दिवशी काकांशी नवा लिव्ह अँड लायसन्स, नोंदणीकृत.

थकबाकी जितकी वाढेल तितके ते १४,००० आटत जातील. आणखी एक महिना गेला की काहीच उरत नाही, म्हणून याच आठवड्यात तिघांना एकत्र बसवा. मधल्याची सही मिळाली नाही तर काका ती रक्कम तुम्हाला देऊ शकत नाहीत. ती त्याची आहे.

डहाणूकर_वाचक

खूप आभार. इंडेक्स २ मिळाला, काकाच मालक आहेत आणि त्यांचा करारही तिथे दिसतो. नवा करार करायला ते तयार आहेत, २१,००० भाडं म्हणतात. पण मधला माणूस आता फोन उचलत नाही. चौकीत गेलो तर "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" असं सांगितलं. पोलीस तक्रारीचा काही उपयोग आहे का?

सातारारोड_वकील

आहे, पण तक्रार कशी लिहिता यावर सगळं आहे. 'डिपॉझिट देत नाही' असं लिहिलंत की ते दिवाणीच ठरतं. फसवणुकीचा गुन्हा व्हायला पैसे घेतानाच त्याने खोटं सांगितलं होतं हे दिसावं लागतं. तुमचा नोटरी करार काढा आणि पहिलं पान वाचा. "लिहून देणार हे सदर मिळकतीचे मालक व कब्जेदार असून" असं वाक्य तिथे असणार. खाली त्याची सही आहे. तारीख बघा: त्याआधीच त्याने काकांच्या करारावर भाडेकरू म्हणून सही केलेली आहे. ही दोन पानं शेजारी शेजारी लावा, तक्रारीचा गाभा तोच.

अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लिहा (आधीचं ४२०). त्याने काकांचं नाव स्वतःचं म्हणून सांगितलं असेल तर ३१९ सुद्धा. खोटं वीजबिल किंवा बनावट मुखत्यारपत्र दाखवलं असेल तर ३३६(३) आणि ३४०(२). सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट आणि बँकेचा उतारा. चॅट कापून देऊ नका, आणि फोन बदलू नका. पुढे न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

चौकीत नको, मुख्य पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोलीस उपायुक्तांना पोस्टाने, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे. काकांनाही तक्रारदार किंवा साक्षीदार म्हणून सोबत घ्या. मालक आणि राहणारा दोघंही एकच गोष्ट सांगतात तेव्हा 'दिवाणी' म्हणून परत पाठवणं अवघड जातं.

एक मात्र तपासा. काही लोक किंवा कंपन्या मालकाकडून पुढे भाड्याने देण्याच्या लेखी परवानगीसह घरं घेतात, किंवा परदेशातल्या मालकाचं मुखत्यारपत्र त्यांच्याकडे असतं. इथे काका स्वतःच नाही म्हणतायत, तरी त्यांच्या करारातली मनाईची अट डोळ्यांनी वाचा.

पैशांसाठी दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो. आणि पुढे त्याने चेक दिले, ते परत आले, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर त्याला १५ दिवस, आणि मग एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकचा कायदा) कलम १३८ ची तक्रार. या तारखा चुकल्या तर चेक हातात असून उपयोग नाही.

दस्त_हवेली

नव्या कराराबद्दल. काकांचा आधीचा करार अजून चालू असेल तर त्यांनी मधल्याला त्यातल्या अटीप्रमाणे रद्दची नोटीस पाठवलेली हवी. त्याची प्रत आणि पोस्टाची पावती तुमच्याकडे ठेवा, नाहीतर उद्या तोच माणूस 'माझा करार चालू आहे' म्हणत येईल.

यावेळी नोटरी नकोच. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार आणि त्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि जबाबदारी घरमालकाची. खर्चही फार नाही. ११ महिने २१,००० म्हणजे २,३१,०००, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवा. त्या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५०,००० डिपॉझिट असलं तरी ६०० च्या आतबाहेर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. घरी येऊन ठसे घेणारे एजंट स्वतःचे वेगळे पैसे लावतात, ते आधी ठरवा.

डिपॉझिट मात्र दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नका. तुमचे लाख अजून सुटलेले नाहीत आणि काकांनाही ते ठाऊक आहे, समजून घेतील. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर काकांकडून नव्याने भरून घ्या आणि कराराची एक प्रत सोसायटीत द्या.

आणि सही करायच्या आधी काकांसोबत सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ करा. गिझर, पंखे, नळ, भिंतींची ओल, मीटरचं वाचन, सगळं. मधल्या माणसाच्या काळातली मोडतोड आणि थकलेलं मेंटेनन्स तुमच्या डिपॉझिटमधून कापलं जाणार नाही अशी एक ओळ करारात घालून घ्या.