परसबागेतल्या भाज्या आणि आपली कुत्री-मांजरं : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, वाफे आणि कुंड्या भरल्या की घरची जनावरंही त्यातच मुक्काम ठोकतात. कुठल्या भाजीने त्रास झाला, कसा लक्षात आला, काय उपाय केला ते लिहा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं हवं.

निफाडजवळून
आमच्याकडे कांद्याची चाळ आहे. निवडताना बाजूला टाकलेले कांदे मोत्याने खाल्ले. त्या दिवशी गडी ठणठणीत, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. तीन-चार दिवसांनी मात्र जागचा उठेना. धाप लागलेली, लघवी बिनदुधाच्या चहासारखी. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडी दाखवली, पांढरीफटक! कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ते दिसायला काही दिवस जातात, असं त्यांनी समजावलं. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं तेव्हा कुठे मोत्या सावरला. आता चाळीभोवती जाळी आहे. कांदा खाल्लेला कळला की त्याच दिवशी दवाखाना गाठा, लक्षणांची वाट बघू नका. अगदी हात जोडून सांगते.

दापोली
आमचा अनुभव अळवाचा. सांडपाण्यावर वाढलेल्या अळवात मांजरीचं पिल्लू खेळायचं. एका दुपारी तोंडातून लाळेच्या तारा, ओठ सुजलेले, पंजाने सारखं तोंड ओरबाडतंय. पान चावलेलं दिसलं. कच्च्या अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. आपल्याही घशाला खाजतं म्हणून तर फदफद्यात चिंच घालतो. आजीने ओल्या फडक्याने तोंड आतून पुसलं, मग डॉक्टरांकडे नेलं. रात्री पिल्लू जेवलं.

पुणे, गच्चीवरची बाग
आमची कुत्री पिकलेला टोमॅटो पळवते, त्याने काही झालं नाही. पण एकदा तिने टोमॅटोचं रोपच चघळलं आणि रात्रभर उलट्या केल्या. पानं, देठ आणि हिरवी फळं वाईट. हिरवा पडलेला बटाटा आणि त्याचे कोंबही तसेच.

सातारा
आमच्या भागात गोचीड जावेत म्हणून कुत्र्याच्या भाकरीत लसूण कुस्करून घालतात, पण लसूणही कांद्यासारखाच घातक. मोठ्या माणसांना सांगणं अवघड, तरी सांगायलाच हवं. काकांना मी डॉक्टरांसमोर बसवलं, मग त्यांनी ऐकलं. गोचिडांवर औषधं मिळतात.

कोल्हापूर, प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते
साताऱ्याच्या दादांना दुजोरा. वजनाच्या हिशोबात लसूण कांद्यापेक्षा जास्त घातक. विषबाधा व्हायला कुत्र्याला वजनाच्या किलोमागे साधारण 15 ते 30 ग्रॅम कांदा पुरतो, मांजराला 5 ग्रॅमच. म्हणजे 4 किलोच्या मांजराला 20 ग्रॅम, एक-दोन फोडी. शिजवून विष जात नाही, त्यामुळे उरलेला रस्सा आणि कांदा घातलेलं मटणाचं पाणी नकोच. कांद्याची पात, वाळवलेला कांदा, लसणाची पूड हेही त्यातच आलं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने मीठ चढून जीव जाऊ शकतो. काय खाल्लं, किती, केव्हा, आणि जनावराचं वजन एवढं फोनवर सांगा.

नागपूर
मका विषारी नाही, पण दाणे काढलेलं कणीस आमच्या लॅब्राडॉरच्या आतड्यात अडकलं आणि पोट उघडावं लागलं. कणसं झाकणाच्या डब्यातच टाका.

ठाणे
मग द्यायचं काय? आमच्याकडे गाजर, वाफवलेली फरसबी आणि शिजवलेला लाल भोपळा चालतो. मीठ-मसाला-फोडणी नाही. मांजर मात्र कशालाच तोंड लावत नाही.