नागपूर जिल्ह्यातली चौथी आणि ‘टिम्स’मधली चौथी यांची तुलना

प्रबंध_नागपूर:
एम.एड.च्या प्रबंधासाठी काटोल आणि रामटेक तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत चौथीच्या मुलांना ‘टिम्स’चे (अनेक देशांत होणाऱ्या गणित-विज्ञान चाचणीचे) खुले झालेले गणिताचे प्रश्न मराठीतून द्यायचे आहेत. ४० शाळा, अंदाजे ४८० मुलं. प्रत्येक प्रश्नाचा टक्का इतर देशांच्या टक्क्यांशेजारी मांडायचा आहे. मार्गदर्शकांनी नमुना निवडीवर आक्षेप घेतला आहे. नेमकं कुठे बिघडतं?

संख्याशास्त्र_विदर्भ:
शाळांची यादी करतानाच बिघडतं. ‘टिम्स’मध्ये देशातली चौथीची सगळी मुलं धरतात, मग शाळा सरकारी असो की खासगी. वगळलेली मुलं ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, असा त्यांचा दंडक आहे. तुमच्याकडे फक्त जि.प. शाळा. ज्या घरांना फी परवडते त्यांची बरीच मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, म्हणजे जि.प.चा पट आधीच गाळून आलेला आहे. यू-डायसच्या (सगळ्या शाळांच्या सरकारी नोंदीच्या) यादीतून अनुदानित आणि विनाअनुदानित शाळाही घ्या, प्रत्येक प्रकाराचा वेगळा स्तर, म्हणजे गट, करा.

शाळा पटाच्या प्रमाणात निवडा आणि भार, म्हणजे तपासलेलं एक मूल किती मुलांच्या वतीने धरायचं तो आकडा, काढायला विसरू नका. समजा स्तरात चौथीची ६,००० मुलं आणि ४० शाळा निवडायच्या. १५ पटाची शाळा निवडली जाण्याची शक्यता ४० × १५ ÷ ६,००० = ०.१, म्हणून भार १०. परीक्षेला १२च मुलं आली तर १५ ÷ १२ = १.२५ने गुणा, प्रत्येक मुलाचा भार १२.५. फार लहान शाळा गाळण्यापेक्षा शेजारच्या शाळेशी जोडून एकच एकक धरा.

आणि ४८० हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. हा सारखेपणा मोजणारा अंतर्गत सहसंबंध ०.३ धरला, तर शाळेमागे १२ मुलं असताना ४८०ला १ + ११ × ०.३ = ४.३ने भागावं लागतं. हाती उरतात सुमारे ११२ मुलं, म्हणजे ५० टक्क्यांच्या आसपास ±९ टक्क्यांची चूक. मुलं वाढवून फारसं साधत नाही, शाळा वाढवा.

साधनव्यक्ती_काटोल:
वरच्या १.२५च्या गुणाकारात गैरहजर मुलं हजर मुलांसारखीच आहेत असं गृहीत धरलंय. कापूस वेचणीच्या दिवसांत ते अजिबात खरं नसतं. घरच्यांबरोबर शेतावर गेलेलं मूल बहुतेक वेळा वाचनातही मागे असतं. नोव्हेंबर-डिसेंबर टाळा, तारीख आधी जाहीर करू नका, आणि आठवडाभरात गैरहजर मुलांसाठी दुसरी फेरी ठेवाच. वर्गशिक्षकांना ‘हुशार मुलं बसवा’ असं वाटू नये म्हणून हजेरीपटावरून नावं तुम्हीच घ्या.

दाखल-खारीज रजिस्टरवरून प्रत्येकाची जन्मतारीख नोंदवा. काही देशांत मुलांना वर्गात मागे ठेवतात, तिथली चौथी वयाने मोठी आणि गाळलेली असते. ‘टिम्स’ शैक्षणिक वर्षाच्या शेवटी होते. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा ऑगस्टमध्ये घेतलेली परीक्षा म्हणजे जवळपास तिसरीचीच परीक्षा.

प्रबंध_नागपूर:
शाळाबाह्य मुलांचं काय करायचं? आणि व्हिएतनामचा दाखला सगळीकडे दिसतो, तो वापरू का?

संख्याशास्त्र_विदर्भ:
तो जपून वापरा. २०१२च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय परीक्षेत गणितात व्हिएतनामला ५११ आणि अमेरिकेला ४८१ गुण होते. पण ती परीक्षा सातवी किंवा पुढच्या वर्गात शिकणाऱ्या १५ वर्षांच्या मुलांचीच असते, आणि व्हिएतनाममध्ये त्या वयाची ५६ टक्केच मुलं तिच्या कक्षेत आली होती. बाकीची मोजलीच गेली नाहीत. व्हिएतनामच्या शाळा चांगल्या असतीलही, पण या दोन आकड्यांवरून अंतर किती ते सांगता येत नाही.

तुमच्यासाठी सोपा उपाय म्हणजे मर्यादा देणं. १०० मुलांपैकी ९० शाळेत, त्यांतली ५४ उत्तीर्ण: तपासलेल्यांत ६० टक्के. उरलेली १० सगळी अनुत्तीर्ण धरली तर ५४ टक्के, सगळी उत्तीर्ण धरली तर ६४ टक्के. तिन्ही आकडे तक्त्यात द्या. दुसऱ्या देशाचाही असाच पट्टा काढा. पट्टे एकमेकांत शिरत असतील तर ‘आपण पुढे’ किंवा ‘मागे’ लिहू नका.

शाळाबाह्य मुलं खरोखर मोजायची असतील तर घरोघरी जावं लागतं. ‘असर’ हे मुलांच्या वाचन-गणिताचं सर्वेक्षण जिल्ह्यातल्या ३० गावांत प्रत्येकी २० घरं घेतं, पाकिस्तानातही घरांवर आधारित ‘असर’ आहे, आणि केनिया, टांझानिया, युगांडात ‘उवेझो’ने अशीच पाहणी केली आहे. वाचनाची देशादेशांतली तुलना त्या आकड्यांवर करणं जास्त रास्त. मात्र आपलं ‘असर’ ग्रामीण भागाचं आहे, नागपूर शहर त्यात येत नाही, म्हणून दुसऱ्या देशाचीही फक्त ग्रामीण मुलंच वेगळी काढा.