नातीच्या नावात 'जे' ठेवावा की 'वाय'?

प्रेषक: माजी खजिनदार, रेडिंग

सप्रेम नमस्कार,

नातीचे नाव 'माया' ठरले हे भोंडल्याच्या दिवशी आपण ऐकलेच आहे. अडले आहे ते स्पेलिंगपाशी. येथे इंग्लंडमध्ये जन्मापासून ४२ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते आणि आमच्या हाती आता नऊच दिवस उरले आहेत. पोलंडमधील क्राकोव्हच्या विहीणबाईंना आपल्या आईचे 'मावगोझाता' हे नाव हवे होते, परंतु ते येथील शेजाऱ्यांच्या जिभेवर बसणार नाही म्हणून त्यांनी स्वतःच मागे घेतले. दुसरे नाव म्हणून त्यांनी 'झोशा' सुचवले. पण लाडाचे रूप पोलंडच्या नोंदणी कायद्याला चालत नाही, म्हणून ते 'झोफिया' होईल. 'माया' मात्र दोन्ही घरांचे आहे, कारण पोलंडमध्येही ते मुलींचे रूढ नाव आहे. फक्त तेथे 'य'साठी रोमन 'जे' लिहितात. सूनबाईंना 'जे'च हवा आहे, मुलाला वाटते की शाळेत सगळे 'माजा' म्हणतील, आणि माझी भीती अशी की पुण्याचे नातेवाईक ते 'मजा' वाचतील. आपले अनुभव कृपया लवकर कळवावेत.

प्रेषक: लूटनचे काका

ताई, 'वाय' लिहावा असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या धाकटीचे नाव 'ज्ञ'ने सुरू होते. दर सप्टेंबरला नवे शिक्षक हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबत, आणि त्या थांबण्यावरूनच आपली पाळी आली हे ओळखून ती आधीच हात वर करी. सात वर्षांची असताना तिने विचारले, "बाबा, मला सोपे नाव का नाही ठेवलेत?" त्या वेळी मला काहीच बोलता आले नाही, आणि ते मला आजही टोचते. नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत पहिले नाव बदलून घेण्याची सोय येथे आहे, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते; आपण ते लक्षात ठेवावे.

प्रेषक: मुक्काम स्लाव (इंग्लंड), पूर्वी व्रोत्स्वाफ (पोलंड)

काकांचे दुःख मी समजू शकतो, परंतु 'ज्ञ'ची आणि या 'जे'ची तुलना मला पटत नाही. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये, इंग्रजी व वेल्श सोडल्यास, सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा पोलिश होती. ही संख्या सुमारे ६ लाख १२ हजार भरते. 'जे'ने लिहिलेले 'यान' किंवा 'यूल्या' येथील पुष्कळ शिक्षकांच्या हजेरीपटावर येऊन गेलेले असते. शिवाय पोलिशमध्ये 'वाय' हा 'य' नाहीच. तो 'इ'च्या जवळचा, किंचित मागे ओढलेला स्वर आहे. त्या भाषेत नावालाही विभक्ती लागते: 'मायाचे' म्हणताना लिहिण्यातला 'जे' गळून नुसता 'आय' उरतो, आणि हाक मारताना 'मायू' होते, जसे आपण शांताला 'शांते' म्हणतो. 'वाय' लिहिला तर आजीच्या पत्रात नातीचे नाव परक्या मुलीचे दिसेल.

प्रेषक: मराठी शाळा समन्वयक

देवनागरी लेखनाचा प्रश्न शाळा समितीकडे येतो, म्हणून नोंदवून ठेवते की आमच्या पटावर 'माया' असेच लिहिले जाईल. रोमन स्पेलिंग हा कुटुंबाचा निर्णय आहे आणि त्यात समिती पडणार नाही.

प्रेषक: कोल्हापूरच्या काकू, मिल्टन कीन्स

'मायू' वाचले आणि आईची आठवण झाली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते आणि आईचे माहेर जवळच्याच गावी होते. छावणीतल्या बायका संध्याकाळी मुलांना 'बाशू', 'काशू' अशा हाका मारत, आणि त्या तिला आपल्याकडच्या 'बाळू', 'सोनू'सारख्याच वाटत. बाशा म्हणजे बार्बारा आणि काशा म्हणजे काताझिना, हे तिला पुष्कळ वर्षांनी कळले. हाका मात्र ती अखेरपर्यंत हुबेहूब मारून दाखवी.

प्रेषक: माजी खजिनदार, रेडिंग

सर्वांचे मनापासून आभार. काकूंचा मजकूर सूनबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी 'काशू' स्वतः उच्चारून दाखवले, आणि मुलाने आपला आग्रह सोडला. नोंद 'जे'नेच होईल. काकांनी सांगितलेली १२ महिन्यांची मुदत त्याने लिहून ठेवली आहे. पुण्याला आमंत्रण देवनागरीतच जाईल, म्हणजे 'मजा' वाचण्याचा प्रश्न उरणार नाही. बारशाला आत्या कानात 'माया' सांगेल आणि लगेच विहीणबाई क्राकोव्हहून व्हिडिओवर 'मायू' अशी हाक मारतील. पाळणा कोणाकडे आहे, तेवढे कळवावे.