प्रतिसाद: सागरी माशांचे भाव का चढतात

घरच्या मत्स्यालयात पाळायच्या सागरी माशांचे भाव निव्वळ विक्रेत्यांच्या नफेखोरीमुळे चढतात, हे इथे मांडलेले मत मला अर्धेच पटते. बहुतेक सागरी माशांची नुकती निघालेली पिल्ले इतकी सूक्ष्म असतात की त्यांच्या तोंडात मावेल असे जिवंत खाद्य पुरवणेच जिकिरीचे ठरते. म्हणूनच यलो टँग या पिवळ्या शोभेच्या माशाची बंदिवासातील पैदास थेट २०१५ साली प्रथम साधली आणि पुढे हवाई बेटांवरील समुद्रातली त्याची पकड थांबताच त्याचा भाव भडकला. हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) सहज वाढणारा क्लाउनफिश हा पट्टेरी मासा मात्र आजही आवाक्यात आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे यात नागपूरहून आणण्याचा खर्च आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचे वीजबिल मिळवले, तर कधीकधी माशापेक्षा त्याला जगवणेच महाग पडते.